वाचकांचे प्रश्न : सुट्टीला निघताना मोती-मनीचं काय?

मेच्या तोंडावर आलेल्या पत्रांत एकच घर पुन्हा पुन्हा दिसतं. मुलं शिक्षणा-नोकरीसाठी बाहेरगावी, घरात साठीच्या आसपासची दोघं आणि मुलांनी हौसेने आणलेला कुत्रा किंवा मांजर. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं, वय 63 आणि 59. पुण्याहून गुहागरला गाडीने पाच दिवस जायचं आहे. घरी दहा वर्षांचा, 34 किलोचा लॅब्रॅडॉर आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, पत्नीला इन्सुलिन. कुत्र्याला बरोबर न्यावं की ठेवून जावं? (पुणे)

निर्णयाआधी एक गोष्ट तपासा. गेल्या वर्षभरात त्याचं भुंकणं घोगरं झालं आहे का? सकाळच्या गारव्यात, जरा चाललं तरी श्वासाची घरघर ऐकू येते का? वय झालेल्या लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडण्याचा आजार आढळतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग गार करतो. हवा आत-बाहेर जायची वाटच अरुंद झाली, तर कोकणातल्या दमट उकाड्यात तासाभरात त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. अशी लक्षणं असतील तर त्याला नेऊ नका, ओळखीच्या माणसाकडे पंख्याखाली ठेवा. श्वास स्वच्छ असेल आणि अर्धा तास फिरून आल्यावर धाप दहा मिनिटांत बसत असेल, तर खुशाल न्या. घरची दोन माणसं बरोबर असणं त्याला कुठल्याही बोर्डिंगपेक्षा मानवतं.

सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता धरा आणि पहाटे साडेचारला निघा, म्हणजे ऊन तापायच्या आत घाट उतरलेला असेल. आदल्या रात्री आठला नेहमीच्या निम्मं जेवण द्या, सकाळी काही नको. मध्ये पाणी द्या, पण थोडं थोडं, वाटीभर. वळणांवर ओकारी काढायची सवय असेल तर पशुवैद्याकडून मॅरोपिटंटची गोळी वजनानुसार लिहून घ्या. ती निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागते, घाट लागल्यावर देऊन उपयोग नाही. पोचल्यावर तासभर विसावा, मग जेवण. जेवणानंतर दोन तास पळापळ नको, मोठ्या जातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडू शकतो.

गाडीत त्याला मागच्या सीटवर हार्नेस घालून बसवा आणि पट्टा हार्नेसलाच अडकवा. गळपट्ट्याला बांधलेला कुत्रा जोराच्या ब्रेकला मानेवर लटकतो. एसी पुढच्या जाळीतून येतो आणि मागे ऊन काचेतून थेट अंगावर पडतं, म्हणून खिडक्यांना जाळीचे पडदे लावा आणि अधूनमधून मागे हात नेऊन तिथली हवा पाहा. दर दोन तासांनी थांबा. दार उघडण्याआधी पट्टा हातात आलेला असला पाहिजे. महामार्गावर कुत्री हरवतात ती नेमकी या क्षणी.

चहा-नाश्त्याला दोघांनी एकदम उतरायचं नाही. उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे 10 अंशांनी चढतं आणि काच दोन बोटं उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही. हाच नियम इन्सुलिनलाही लागू आहे. ते डिकीत किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. मुक्कामी फ्रीज नसेल तर जुनी युक्ती करा : मातीच्या भांड्यात डबी, ते भांडं ओल्या वाळूत, सावलीत. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. असेल तर उन्हाळ्यात घाम आणि लघवी मिळून उभं राहताना चक्कर येऊ शकते. साठीनंतर तहान उशिरा कळते. तेव्हा कुत्र्याला पाणी द्याल त्या प्रत्येक थांब्यावर स्वतःही प्या.

आता समुद्र. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच किनाऱ्यावर जा. वाळूवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसली नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू त्याच्या सांध्यांना आणि तुमच्या गुडघ्यांना सगळ्यात सोयीची. त्यासाठी कोकणातला हिशेब वापरा : तिथीला पाऊणपट केलं की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे तुमच्या फिरण्याच्या वेळेला किनारा पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी साडेपाच-सहाला. त्यामुळे तारखा अजून ठरायच्या असतील तर त्या सुमाराच्या ठरवा.

खारं पाणी पोटात गेलं की जुलाब होतात. गोड्या पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि तहान लागायच्या आधीच पाजा. एरवी या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण दोन लिटर लागतं, कोकणात त्याहून जास्त. परतल्यावर पोट, काखा आणि बोटांमधल्या जागा गोड्या पाण्याने धुऊन पुसून काढा, नाहीतर दोन दिवसांत चट्टे उठतात. आणि एक कळकळीची विनंती : गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उन्हाळ्यातही बाहेर पडत असतात. तिथे पट्टा सोडू नका.

ऊन लागल्याची खूण ओळखायला शिका. थांबतच नाही अशी धाप, लालभडक हिरड्या, घट्ट तार धरणारी लाळ, झोकांड्या. कुत्र्याचं ताप मोजायचं थर्मामीटर गुदद्वारात लावतात. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे नेहमीचं. 105च्या पुढे गेलं तर आधी गार करायचं, मग दवाखाना. सावलीत न्या, नळाचं किंवा माठातलं पाणी अंगभर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो काही मिनिटांत गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडं पाणी पिऊ द्या, तोंडात ओतू नका. 103वर आलं की पाणी ओतणं थांबवा. उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण मूत्रपिंडाची आणि रक्त गोठण्याची तक्रार एक-दोन दिवसांनी उमटते.

परत आल्यावर तीन आठवडे गोचिडांवर नजर ठेवा. कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल किंवा तेल लावू नका. हिरड्या फिक्या पडल्या किंवा जेवण सुटलं तर रक्त तपासून घ्या.

प्रश्न : मुलीकडे नागपूरला आठ दिवस जायचं आहे. आमचा नऊ वर्षांचा बोका बरोबर न्यावा का? (नाशिक)

नको. कुत्रा माणसाशी बांधलेला असतो, मांजर जागेशी. नव्या घरात बोका दोन-तीन दिवस पलंगाखाली बसेल, खाणार नाही. जाड मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठायला लागते. त्यात नागपूरचा मे. त्याला घरीच ठेवा आणि दिवसातून दोनदा येणारं माणूस ठरवा. नुसतं खाणं वाढून जाणारं नको, पंधरा मिनिटं थांबणारं हवं.

पाणी तीन खोल्यांत, पसरट भांड्यात ठेवा. वाळूचे ट्रे दोन, एक शेजारच्या खोलीत. खिडक्यांना नायलॉनची जाळी आणि बाल्कनी बंद. येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लिहून द्या. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, किंवा तोंड उघडं टाकून धापा टाकतोय, तर त्याच तासाला दवाखाना. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि तुंबली तर सकाळपर्यंत थांबता येत नाही. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराला मारू शकते. कुत्र्यासाठी आणलेलं पर्मेथ्रिनचं गोचीडनाशकही तसंच.

प्रश्न : मुलगा बंगळुरूला गेला, दीड वर्षाचा कुत्रा माझ्याकडे राहिला. वय 61, उजवा गुडघा दुखतो. फिरायला नेलं की ओढून पाडेल अशी भीती वाटते. (डोंबिवली)

भीती खरी आहे, ताई, आणि ती अंगावर काढू नका. गळपट्टा सोडून छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या. पाठीवरची कडी असली की कुत्रा छाती लावून ओढतो. छातीवरची कडी असली की ओढल्यावर तो तुमच्याकडेच वळतो. पट्टा चार-पाच फुटांचा, इंचभर रुंद, सपाट. डबीतून सुटणारी दोरी टाळा. ती कुत्र्याला वेग घेऊ देते आणि मग झटका बसतो. पट्टा मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका, कमरेला तर बांधूच नका. हातात असा धरा की प्रसंगी सुटून जाईल.

शिकवणं असं : पट्टा ताणला गेला की जिथे आहात तिथे उभ्या राहा. बोलायचं नाही, ओढायचं नाही. तो ढिला झाला की एक पाऊल. डाव्या गुडघ्याशी चालला की तिथेच खाऊचा तुकडा द्या. सोसायटीच्या आवारात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. बहुतेक घरी इथे फसतं ते असं की सकाळी आई थांबते आणि शनिवारी आलेला मुलगा ओढू देतो. मग कुत्रा जोर लावून पाहणं सोडत नाही.

लांब फेरीचा हट्ट धरू नका. वीस मिनिटं मनसोक्त हुंगू दिलं तर तरुण कुत्राही दमतो. उरलेली भूक घरात भागवा : दुपारच्या खाण्यातला पाव भाग जुन्या टॉवेलात गुंडाळून द्या, उलगडून खाऊ दे. जिन्यावर त्याला मधल्या सपाट टप्प्यावर बसवा आणि कठडा धरून आधी तुम्ही जा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध, म्हणजे डाव्या हातात घ्यायची. काठी लागत असेल त्या दिवशी मात्र कुत्रा दुसऱ्याच्या हाती द्या.

प्रश्न : रेल्वेने कुत्रा नेता येतो का? (कोल्हापूर)

एसी फर्स्टमध्ये, दोन किंवा चार बर्थचा संपूर्ण कक्ष तुमच्या नावावर असेल तर. तिकीट काढून अर्ज द्यावा लागतो आणि कक्ष मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं. पार्सल ऑफिसात त्याचं भाडं भरा, लसीकरणाचं पुस्तक आणि ताजा तंदुरुस्तीचा दाखला बरोबर ठेवा. टू टिअर, थ्री टिअर, स्लीपरमध्ये कुत्रा नेता येत नाही. गार्डच्या डब्यातल्या पेटीचा पर्याय असतो, पण मे महिन्यात तो घेऊ नका.

प्रश्न : कुत्र्याला आंबा चालतो का? (सांगली)

गर चालतो, दोन-तीन फोडी. कोय नाही. ती गिळली की आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. उलट्या सुरू व्हायला कधी दोन-तीन दिवसही जातात. कोयी झाकणाच्या बादलीत टाका. सुट्टीत नातवंडं घरी असतील तर त्यांनाही सांगून ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे मात्र एकही देऊ नका, त्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.