‘जैन कासार’ या नोंदीतला ‘कासार’

राजापूरकडच्या एका वाचकाने विचारले आहे की, घरातल्या जुन्या कागदात ‘जैन कासार’ अशी नोंद सापडली. पण आमच्याकडे कासार म्हणजे काकणे भरणारा, तेव्हा हा शब्द धंद्याचा, जातीचा की धर्माचा?

मुळात तो धंद्याचा. कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला, त्याच वाटेने कांस्यकाराचा, म्हणजे काशाचे काम करणाऱ्याचा, कासार झाला. (तळे या अर्थाचा ‘कासार’ निराळा, त्याचा येथे संबंध नाही.) कासे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, त्याच्या वाटीने तळपायांना तेल चोळण्याची रीत कोकणातल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही. बाजारात पितळेची भांडी वाढली तरी ती विकणाऱ्याचे नाव काशावरूनच राहिले, आणि बांगड्यांचा व्यापारही त्याच्याचकडे असल्यामुळे लग्नघरी नवरीला हिरवा चुडा भरणारी ‘कासारीण’च म्हटली गेली. तांब्याची भांडी ठोकणारा तांबट मात्र वेगळा.

हा धंदा पिढीजात झाला तशी त्याची जात झाली. पण जात एका धर्मापुरती राहिली नाही. काळिकादेवीला कुलस्वामिनी मानणारे कासार हिंदू, तर पार्श्वनाथाची पूजा करणारे जैन. घाटावर, कोल्हापूर-सांगलीकडे, दिगंबर जैनांत चतुर्थ, पंचम, सैतवाळ, उपाध्ये आणि कासार अशा ज्ञाती होत्या. कानडी मुलखात कासाराला बोगार म्हणतात. बेळगावची बोगारवेस त्यावरूनच. या साऱ्या जैन ज्ञातींचे तीर्थंकर तेच, पण बेटीव्यवहार आपापल्या ज्ञातीतच चाले. मठसुद्धा वेगळे, चतुर्थांचा नांदणीचा, तर पंचमांचा कोल्हापूरचा. जातिभेद न मानणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या अनुयायांत हे कसे रुजले, याचे आश्चर्य वाटते खरे, पण सोयरीक जुळवताना शेजाऱ्यांची रीत तत्त्वज्ञानावर मात करते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 साली स्थापन झाली, तेव्हाही या भिंती चांगल्याच उभ्या होत्या.

म्हणून आपल्या कागदातला ‘जैन’ हा धर्म आणि ‘कासार’ ही ज्ञाती असे वाचावे. नुसते ‘कासार’ असते, तर त्यावरून धर्म सांगता आला नसता. अशीच फसगत ‘उपाध्ये’ या शब्दाने होते. कोकणात तो ऐकताच ब्राह्मण डोळ्यांपुढे येतो. परंतु प्राकृताचे गाढे अभ्यासक आ. ने. उपाध्ये जैन होते, आणि जैनांतले उपाध्ये म्हणजे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा करणारे.