वाचकांचे प्रश्न : गाडीचं अधूनमधून मिसिंग

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी तासभर चालली की चढावर झटके देते. थंड झाली की काहीच तक्रार नाही. स्कॅनरवर पी०३०२ हा कोड आला. चारही प्लग नवे टाकले, तरी दोष तसाच आहे. आता काय बदलू?

उत्तर : सध्या काहीच बदलू नका. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल अधूनमधून नीट न पेटणं. कोड जागा दाखवतो, कारण नाही. सिलिंडर कुठल्या बाजूने मोजायचे ते मॅन्युअलमध्ये बघा. बहुतेक इंजिनांत टायमिंग बेल्ट किंवा चेन असते त्या बाजूचा पहिला असतो, पण सगळ्यांत नाही.

गरम इंजिन आणि चढ ही जोडी आली की पहिला संशय इग्निशन कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि जास्त दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यात कॉइलच्या आतलं इन्सुलेशन कमकुवत असेल, तर तापल्यावर ते दगा देतं आणि करंट मधल्या मधे पळतो. थंड झाल्यावर तीच कॉइल शहाण्यासारखी वागते. गॅरेजात गाडी उभी करून तपासली की ‘सगळं ओके’ निघतं ते यामुळेच.

कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची (कोड आला त्या क्षणाची) माहिती लिहून घ्या : आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड. एकदा पुसलं की ती गेली. मग इग्निशन बंद करून दोन आणि चार नंबरच्या कॉइलवर खूण करा आणि दोघींची अदलाबदल करा. फक्त कॉइलची! सोबत प्लगही हलवलात, तर दोषी कोण ते कळणार नाही. आता गाडी पुन्हा तासभर चालवा आणि त्याच चढावर, वरच्या गिअरमध्ये, फ्रीझ फ्रेममध्ये दिसलेल्या आरपीएमच्या आसपास ओढायला लावा. कोड पी०३०४ झाला, तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला, तर पुढच्या फेरीला प्लगची अदलाबदल, त्यानंतर इंजेक्टरची.

कॉइल काढलीच आहे, तर तिचं रबरी बूट उजेडात धरून बघा. आतून पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ दिसली, तर ठिणगी त्या वाटेने बाहेर पडते आहे. तशीच काळी रेघ प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही उमटते. अशा वेळी दोन्ही एकदम बदलावे लागतात, कारण जुनं बूट नव्या प्लगलाही तीच रेघ पाडतं. तुमचे नवे प्लग निर्दोष ठरत नाहीत, ते यासाठी. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेलं असेल, तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळतंय. ते आधी बदला. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक तुटलेलं नाही ना, तेही हाताने चाचपा. आणि प्लग इंजिन थंड असतानाच, मॅन्युअलमधल्या टॉर्कने बसवा.

एक सावधगिरी : झटके बसताना चेक इंजिनचा दिवा उघडझाप करू लागला, तर अॅक्सिलरेटर सोडा आणि तशीच रेटत नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि आतली जाळी वितळते.

प्रश्न : सिग्नलला गाडी थरथरते, मोकळ्या रस्त्यावर मात्र सुरळीत पळते. कोड पी०३००. इंजेक्टर क्लिनिंग करून घेऊ का?

उत्तर : पी०३०० म्हणजे ठरावीक एका सिलिंडरमध्ये नाही, तर कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसफायर. पैसे देण्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते. शॉर्ट (तात्पुरत्या) आणि लाँग (दीर्घकाळच्या) ट्रिमची बेरीज आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक १० टक्क्यांच्या वर, आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलिंगला मुळात हवा थोडी लागते, म्हणून तेवढी गळतीही भारी पडते. वेग वाढला की तिचं प्रमाण नगण्य होतं. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इंजिनात परत नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी हे तीन नेहमीचे संशयित. ब्रेक दाबून धरल्यावर थरथर बदलली, तर बूस्टरकडे बघा. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा थिनर शिंपडण्याचा प्रकार करू नका. स्मोक मशीनने ती लगेच सापडते.

ही खूण एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाड्यांची. मॅप सेन्सरवर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) चालणाऱ्या इंजिनात ट्रिम फारशी हलत नाही, उलट आयडलिंग चढलेलं दिसतं. ट्रिम लोडवर वाढत असेल, तर मात्र फ्युएल प्रेशर मोजा, मग इंजेक्टरचा विचार.

प्रश्न : सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट एक सिलिंडर मरतो, नंतर दिवसभर ठीक. कूलंट थोडं थोडं कमी होतंय.

उत्तर : हेड गॅस्केट तपासा. ते गळत असेल, तर रात्रभरात कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. रात्री थंड इंजिनावर कूलिंग सिस्टिमला रेडिएटरच्या टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब देऊन ठेवा, सकाळी प्लग काढून बोअरस्कोप (आत बघायचा बारीक कॅमेरा) घाला. पिस्टनवर पाणी दिसलं, किंवा एकच पिस्टन बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर तोच तो सिलिंडर. पाणी साचलेलं असताना स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.