जुने सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर सक्रिय होत नाही. कंपनी मागते ती वार्षिक वर्गणी भरावी का?

आपण दहा वर्षांपूर्वी एकरकमी पैसे मोजून डिझाइनचे सॉफ्टवेअर घेतले, ते आता नव्या लॅपटॉपवर सक्रिय होत नाही आणि कंपनी वार्षिक वर्गणी मागते आहे. काम अडले असेल तर एका हंगामापुरती भरावी. परंतु हा व्यवहार न्याय्य आहे, असे कोणी सांगू लागले तर ते मान्य करू नये.

दारव्ह्याला माझे डीटीपीचे दुकान आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, वादळानंतर वीज आली ती जास्त दाबाने आली आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क वाचली होती. यवतमाळहून नवा बोर्ड आणून बसवला, पण परवाना हार्डवेअरच्या ओळखीशी बांधलेला असल्यामुळे सॉफ्टवेअरने माझा संगणक परका ठरवला आणि खोक्यावरची किल्ली, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करण्याचा क्रमांक, आधीच वापरात असल्याचे सांगितले. कंपनीला लिहिले, तेव्हा आधी जुन्या संगणकावरून परवाना काढून घ्या, असे कळवण्यात आले. जळालेल्या बोर्डावरून तो कसा काढायचा? बिल आणि नोंदणीचा ईमेल पाठवल्यावर पाचव्या दिवशी उत्तर आले की या आवृत्तीसाठी आता साहाय्य दिले जात नाही, नवी आवृत्ती वर्गणीवर घ्यावी. तोपर्यंत सात लग्नपत्रिकांची कामे दुसरीकडे गेली होती.

त्याच संध्याकाळी माझे दीर क्रॅक केलेली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, ज्यांनी एक रुपया भरला नाही त्यांची दुकाने सुरू आहेत आणि पैसे भरून तुम्हीच बसून आहात." ते खोटे बोलत नव्हते, म्हणूनच ते वाक्य मला अजून बोचते. तरीही मी नकार दिला, कारण त्याच संगणकावर लोकांची आधार कार्डे, सातबारे आणि मुलांचे परीक्षेचे अर्ज असतात. त्या यंत्रात कोणी काय घुसवलेले आहे हे माहीत नसलेली प्रत मी टाकणार नाही. मी वर्गणी भरली.

कंपनीची इच्छा असेल तर मार्ग निघतो. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने क्रिएटिव्ह सूट २ या आपल्या डिझाइनच्या जुन्या संचाचे सक्रियता सर्व्हर बंद केले, तेव्हा २०१३ च्या सुमारास जुन्या ग्राहकांसाठी सक्रियतेची गरज नसलेली प्रत उपलब्ध करून दिली होती. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच कंपनीने यापुढे नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतील असे जाहीर केले, हेही खरे आहे.

वर्गणी महिन्याला थोडीच असते, हा युक्तिवाद पगारदाराला पटतो. आमच्याकडे कापूस विकला गेल्यावर लोकांच्या हातात पैसा येतो आणि लग्नसराईत दुकान चालते. पोळ्याच्या सुमारास गल्ला रिकामा असतो, पण वर्गणी त्या महिन्यातही तेवढीच कापली जाते. ती थांबली की सॉफ्टवेअर थांबते आणि आपणच तयार केलेल्या फाइली आपल्याला पूर्वीसारख्या उघडता येत नाहीत. दीर अजूनही मला हट्टी म्हणतात. मी मात्र त्यांना सांगते की चोरीची प्रत आणि आयुष्यभराची वर्गणी यांच्यामध्ये तिसरी वाट आहे.

आता मी पत्रिका इंकस्केपमध्ये करते आणि पुस्तिका स्क्रायबसमध्ये. ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि त्यांना किल्ली लागत नाही. अर्थात, जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि त्यात जोडाक्षरे तपासण्यात माझा पूर्ण पावसाळा गेला. इंकस्केप मुळात पडद्याच्या रंगपद्धतीवर चालते, म्हणून ऑफसेट छपाईच्या चार रंगांसाठी पीडीएफ स्क्रायबसमधून काढावी. आपले गिऱ्हाईक मूळ फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये मागत असेल, तर मात्र माझा उपाय आपल्या कामाचा नाही.

आपला जुना लॅपटॉप अजून सुरू होत असेल, तर तो फॉरमॅट करण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी त्यावरचा परवाना आजच निष्क्रिय करा आणि सर्व फाइलींच्या पीडीएफ काढून ठेवा.