नव्या मुख्य प्रशिक्षकाकडून पहिल्या दोन वर्षांत काय अपेक्षा ठेवावी?

तुमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला नवा मुख्य प्रशिक्षक मिळाला आहे आणि पहिल्या दोन वर्षांत किती विजयांची अपेक्षा ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे. मी नेब्रास्का विद्यापीठाचा माजी विद्यार्थी आहे आणि हस्कर्सचे, म्हणजे तिथल्या संघाचे, सामने नेमाने पाहतो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की, सुरुवातीला विजयांचा आकडा मनात धरूच नये. जुन्या चुका पुन्हा होत आहेत का, याकडे बारकाईने लक्ष द्यावे.

2018 च्या सीझनसाठी स्कॉट फ्रॉस्ट आमचे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा आमच्या अपेक्षांना सीमा नव्हती, आणि त्याला कारणेही होती. ते याच राज्यातले, 1997 च्या नेब्रास्काच्या राष्ट्रीय विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू), आणि आदल्याच वर्षी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला सर्वच्या सर्व 13 सामने जिंकून देणारे प्रशिक्षक. पहिले सहा सामने ओळीने हरल्यावर माझी अपेक्षा ‘किमान बाउल सामन्यासाठी (सीझनअखेर चांगल्या कामगिरीच्या संघांना मिळणाऱ्या जादा सामन्यासाठी) पात्र व्हावे’ इथवर खाली आली, पुढे ‘निदान चुरस तरी व्हावी’ इथवर. चुरस झाली. 2021 मध्ये संघ नऊ सामने हरला आणि त्यांपैकी एकही पराभव नऊ गुणांपेक्षा जास्त फरकाचा नव्हता.

त्या नऊ पराभवांना बरेच जण दुर्दैव म्हणत. मला ते कधीच पटले नाही. मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटची काही मिनिटे उरली असताना आम्ही सात गुणांनी पुढे होतो. आम्ही पंट मारली, म्हणजे चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे मारला; तो झेलणाऱ्याला अडवायला आमचे खेळाडू मैदानाच्या एका बाजूला धावले आणि चेंडू मात्र दुसऱ्या बाजूला मारला गेला. प्रतिस्पर्ध्याने तो 62 यार्ड पळवत थेट टचडाउन केला (चेंडू आमच्या गोलरेषेपलीकडे नेला) आणि ओव्हरटाइममध्ये आम्ही 23-20 असे हरलो. त्याच सीझनमध्ये आयोवाने आमची पंट अडवून टचडाउन केला आणि 21-6 अशी आघाडी असलेला सामना आम्ही गमावला. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी असताना ऑनसाइड किकचा (चेंडू मुद्दाम जवळच मारून तो पुन्हा आपणच मिळवण्याचा) निर्णय घेतला गेला, तो फसला आणि सामना 31-28 असा हातचा गेला. चौथ्या आणि पाचव्या वर्षीही किक आणि पंटच्या त्याच विभागात अशा चुका होत असतील, तर प्रश्न नशिबाचा नसून सरावाचा असतो. सप्टेंबर 2022 मध्ये फ्रॉस्ट यांना दूर केले गेले, तेव्हा त्यांच्या नावावर 16 विजय आणि 31 पराभव होते.

धीर धरा असे सांगणारे नेब्रास्काचे जुने मुख्य प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांचे उदाहरण देतात, कारण पहिली पाच वर्षे ते प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरले आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना थेट 1994 मध्ये मिळाले. पण त्या पाच वर्षांतही त्यांचा संघ दर सीझनला किमान नऊ सामने जिंकत होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. तेव्हाचा धीर आणि आजचा धीर एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

म्हणूनच फ्रॉस्ट यांच्यानंतर मॅट रूल मुख्य प्रशिक्षक म्हणून आल्यावर मी विजय मोजायचे थांबवले. आधी टेम्पल विद्यापीठात त्यांनी पहिल्या वर्षी दोनच सामने जिंकले होते आणि बेलर विद्यापीठात एकच. दोन्हीकडे तिसऱ्या वर्षी दहाच्या पुढेमागे विजय मिळाले. आमच्याकडे 2023 मध्ये पाच विजय मिळाले, आणि चेंडू वारंवार गमावणे हा त्या संघाचा मोठा दोष होता. 2024 मध्ये तो दोष बराच कमी झाला, सात विजय मिळाले आणि 2016 नंतर प्रथमच बाउल सामना खेळायला मिळाला. अटीतटीचे सामने गमावण्याचे दुखणे मात्र तसेच राहिले. आयोवाने सलग दोन वर्षे आम्हाला अगदी शेवटच्या फील्ड गोलवर (चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन गुणांवर) 13-10 असेच हरवले.

तेव्हा पहिल्या सीझनमध्ये तुमच्या संघाला सर्वांत जास्त छळणारी एक उणीव टिपून ठेवा आणि दुसऱ्या सीझनच्या पहिल्या चार-पाच सामन्यांत फक्त तीच पाहा. ती कमी झालेली दिसली, तर पाच-सहा विजयांवरही प्रशिक्षकाला आणखी एक वर्ष खुशाल द्या.