पूर्वजन्मात डोकावण्याआधी

प्रिय मित्रा,

पाण्याची भीती घालवण्यासाठी पूर्वजन्म-प्रतिगमनाचा, म्हणजे संमोहनात नेऊन मागचा जन्म 'आठवायला' लावण्याचा, उपचार घ्यावा का, असे तू विचारले आहेस आणि वर 'हसू नका' अशी ताकीदही दिली आहेस. मी हसलो नाही, कारण उंचीच्या भीतीपायी मीही एकदा त्या आरामखुर्चीत पडलो होतो. संथ आवाजातली उलटी मोजणी संपली आणि प्रश्न आला, 'पायांत काय आहे?' तोवर मला पाय दिसतच नव्हते; प्रश्न येताच चामड्याच्या वहाणा दिसल्या, मग दगडी पायऱ्या, मग कडा. मला दरदरून घाम फुटला. पण ते सारे मला आठवले की त्या प्रश्नाने माझ्याकडून रचून घेतले, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संमोहनापूर्वी जे सुचवले गेले त्याला जुळणारेच पूर्वजन्म लोकांनी सांगितले. मुलांच्या पूर्वजन्मस्मृतींच्या नोंदी आयुष्यभर गोळा करणारे इयन स्टीव्हन्सनसुद्धा संमोहनातून निघालेल्या अशा कथांवर फारसा भरवसा ठेवत नसत. पुनर्जन्म मानणे न मानणे हा तुझा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही.

त्या सत्रानंतर मला दोन दिवस हलके वाटले, हेही खरे. कोणीतरी तासभर आपली भीती मनापासून ऐकून घेतो, याचा गुण येतोच. गच्चीच्या कठड्याशी मात्र पाय पूर्वीसारखेच लटपटले. ते थांबले ते पुढे, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रोज थोडे थोडे उंचावर उभे राहिल्यावर. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडलेली ही पायरीपायरीची रीत आणि तिच्यातून पुढे वाढलेले उपचार अशा ठरावीक भीतींवर चांगले लागू पडतात.

तरीही जायचेच असेल, तर त्या व्यक्तीचे मानसोपचारातले रीतसर शिक्षण आधी विचारून घे आणि चालू औषध परस्पर बंद करू नकोस. 'मागच्या जन्मी तुला बुडवणारा तुझा भाऊच होता' असे काही निघाले, तर ते घरी नेऊ नकोस; अशा एका वाक्याने नाती कायमची नासतात.

त्याआधी माझे एक ऐक. पोहायला शिकवणाऱ्या माणसाला सोबत घे, तलावाच्या पहिल्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभा राहा आणि धडधड ओसरेपर्यंत बाहेर येऊ नकोस. दुसरी पायरी दुसऱ्या दिवशी. पुढच्या पत्रात पाणी कुठवर आले, तेवढे कळव.

तुझा,
काका