पिंगळ्याच्या नावातला 'ब्रामा'

पिंगळ्याच्या 'अथेने ब्रामा' या शास्त्रीय नावातला 'ब्रामा' म्हणजे आपला ब्रह्मदेव का, आणि तसे असल्यास त्याचा घुबडाशी काय संबंध, असे एका वाचकाने विचारले आहे.

हा ब्रह्मदेवच आहे. टेमिंक या डच पक्षिशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये या पक्ष्याला 'स्ट्रिक्स ब्रामा' असे नाव दिले. आपल्या पुराणांत ब्रह्मदेवाचे वाहन हंस आणि घुबड लक्ष्मीचे, त्यामुळे या नावामागे एखादी कथा शोधू नये. पक्षी हिंदुस्थानचा आहे, एवढेच त्या देवनामाने सुचवायचे असावे, असे मला वाटते. युरोपातील एका गोड्या पाण्यातल्या माशाचे नाव 'अब्रामिस ब्रामा' असे आहे. पण तिथला 'ब्रामा' हा त्या माशासाठीचाच जुना लॅटिन शब्द असून त्याचा ब्रह्मदेवाशी काहीही संबंध नाही.

'अथेने' ही मात्र ग्रीकांची ज्ञानदेवता. पिंगळ्याचा जवळचा भाऊबंद असलेले एक लहान घुबड तिचा पक्षी मानले जाई आणि अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर ते कोरलेले असे. ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही त्याच जुन्या नाण्याचे चित्र आहे. टपोरे डोळे रोखून समोर पाहणारे ते घुबड ज्याने पाहिले आहे, त्याला संध्याकाळी चिंचेच्या ढोलीतून डोके वर-खाली करत आपल्याकडे टक लावणारा, पांढऱ्या ठिपक्यांचा पिंगळा आठवल्यावाचून राहणार नाही. एकाच पक्ष्याच्या नावात ग्रीक देवी आणि भारतीय देव शेजारी बसावेत, हे मला फार सुंदर वाटते.

शहाद्याजवळच्या जंगलात १९९७ मध्ये, शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा सापडलेल्या रानपिंगळ्याचे 'अथेने ब्लेविटी' हे नाव याच्याशी ताडून पाहावे. तिथे शेवटचा 'ई' हा लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय असून 'ब्लेविटचा' असा त्या शब्दाचा अर्थ होतो. १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मिळवणाऱ्या ब्लेविट यांच्यावरून पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी पुढच्याच वर्षी हे नाव ठेवले. 'ब्रामा'ला असा प्रत्यय नाही. म्हणून त्याचा अर्थ 'ब्रह्मदेवाचा पक्षी' असा करणे व्याकरणाला धरून होणार नाही.

मराठी 'पिंगळा' हा शब्द संस्कृत 'पिंगल', म्हणजे तांबूस-पिवळा, यावरून आला आहे. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. लिहिताना शास्त्रीय नाव एकदाच द्यावे आणि क्रियापद पिंगळ्याच्या लिंगाप्रमाणे चालवावे: 'अथेने ब्रामा दिसला', 'दिसली' नव्हे, जरी अथेने ही देवी असली तरी.