वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचे फोटो मीच काढू की फोटोग्राफर बोलवू? कोणती लेन्स वापरू?

स्वतः काढा. पंधरा-वीस माणसांच्या रजिस्टर लग्नात बाहेरचा फोटोग्राफर आला की तो साठीच्या जोडप्यालाही हातांचा बदाम करायला लावतो, आणि ते बिचारे करतातही.

तुम्ही लिहिलंय की वडील ६३ वर्षांचे, लग्न नाशिकलाच, कॅमेरा घरात आहे, पण ‘पोटच्या पोरानेच फोटो काढत फिरणं बरं दिसत नाही’ असं आत्या म्हणतेय. या आत्याबाईंसारखंच बोलणारा एक माणूस आमच्याकडेही आहे. माझा सख्खा दादा.

आईचं लग्न डिसेंबर २०२२ मध्ये झालं. ती ५९ वर्षांची, काका ६४ चे. (आधी काका म्हणायचो, आताही काकाच म्हणते. ‘बाबा’ म्हणायचा आग्रह कुणी केला नाही.) ओळख गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरची, सकाळी चालताना झालेली. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे ३० दिवस नोटीस बोर्डावर. त्या ३० दिवसांत कार्यालयात एकही आक्षेप आला नाही. सगळे आईच्या मोबाइलवर आले.

दादाचं म्हणणं, ‘करायचं तर करा, फोटो कशाला? गावभर दाखवायचेत का?’ आणि वर ‘या वयात’. त्याच्या सासऱ्यांनी ६५ व्या वर्षी दुसरं लग्न केलं तेव्हा दादाच अल्बम घेऊन घरोघर फिरला होता. तेव्हा वयाचं सोडा. काका बौद्ध आहेत आणि आम्ही नाही, एवढंच काय ते. ते त्याने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण आईला कळायचं ते कळलं.

कार्यालयाची खोली लहान, वर दोन ट्यूबलाइट, टेबलावर काच. फ्लॅश मारलात की काचेत आणि चष्म्यांत पांढरे ठिपके येतात, म्हणून तो बंदच ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर १/१०० ठेवलं तर फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत. मी ‘सायलेंट’ मोड लावला होता, त्यात पट्टे सहज येतात, आणि सहीचे पहिले सहा फोटो तसेच गेले. आईचा हात थरथरत होता तेही त्यातच गेलं.

तीन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी. गळ्यात कॅमेरा तसाच ठेवून सही केली, अंगठा दिला, तिथल्या वेबकॅमकडे बघितलं आणि परत मागे सरकले.

नंतर काळाराम मंदिर. आईची इच्छा, कारण लहानपणापासून ती दर रामनवमीला तिथे जायची. काका म्हणाले, “तुम्ही दर्शन घेऊन या. मी दारात थांबतो.” त्यांचे आजोबा १९३० च्या सत्याग्रहात त्या दाराबाहेर बसलेले. आत जायला आज कुणी अडवत नाही, पण काकांना जायचंच नव्हतं, आणि आईने एकदाही ‘चला ना’ म्हटलं नाही. ती एकटी आत गेली. मी काकांपाशी उभी राहिले. ती बाहेर आली तेव्हा उन्हाने डोळे बारीक झालेले, हातात प्रसादाची पुडी, आणि काकांनी पुढे होऊन तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. तो फोटो माझ्याकडे आहे. चेहरे मात्र पांढरेफटक, कारण मागचा दगड काळा, कॅमेरा त्याला राखाडी समजून उजेड वाढवतो. काळ्या दगडापुढे एक्स्पोजर एक पायरी खाली घ्या. माझं त्या घाईत राहिलं.

एकूण ४१२ फोटो. लिंक दादालाही पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘तू एकातही नाहीस. म्हणजे तुलाही पटलं नव्हतंच.’

इतकी चिडले, कारण थोडं खरं होतं. पटलं नव्हतं असं नाही. पण डोळ्याला कॅमेरा लावला की आपला चेहरा कुणी बघत नाही, ती सोय मला त्या दिवशी हवी होती. बाबांना जाऊन सहाच वर्षं झाली होती.

म्हणून, स्वतः काढा म्हटलं त्याला एक पुस्ती: सह्या होतील आणि हार घालतील तेव्हा कॅमेरा कुणाच्याही हातात द्या, भाच्याच्या, ड्रायव्हरच्या, अगदी आत्याच्याही, आणि वडिलांच्या शेजारी जाऊन उभे राहा. फोटो हलला तरी चालेल. आणि हो, वडिलांना किंवा होणाऱ्या आईंना फोटोच नको असतील तर वरचं सगळं रद्द. आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

दादाला मी दाखल्याची नक्कल पाठवली. त्यावर साक्षीदारांचे फोटो असतात, नखाएवढे. माझे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा. त्याने निळी टिक दिली, बाकी काही नाही. दादा, हे वाचत असशील तर चपलांचा फोटो प्रिंट करून हॉलमध्ये लावलाय, बाबांच्या फोटोशेजारी. आईनेच जागा दाखवली.

लेन्सचं राहिलंच. ३५ एमएम एफ १.८ पुरेल. झूम घरी ठेवा.